बागेचा सौदा आणि घरची सोय

पांढुर्णा आणि सौंसर या भागात संसाराला लागणारा पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेस येत नाही. तो झाडावरून उतरतो. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील या पट्ट्यात कापूस आहे, तूर आहे, ज्वारी आहे; परंतु घरात एकदम मोठी रक्कम आणणारे पीक म्हणजे संत्रा. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत लागतात आणि त्याचे फळ दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणीस येऊ लागते. मृग बहाराची फुले पावसाच्या तोंडावर लागतात आणि ते फळ फेब्रुवारी-मार्चात हाती पडते. पुष्कळ बागाईतदार फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी सौदा करतात. आधी इसार येतो, तोडणीच्या वेळी उरलेली रक्कम येते, आणि त्या रात्री जेवणे आटोपल्यावर घरात एक छोटीशी सभा भरते. या सभेला अध्यक्ष नसतो आणि इतिवृत्तही लिहिले जात नाही. पण पुढल्या दहा वर्षांत घरातल्या माणसांचे कष्ट कोणत्या बाजूने कमी व्हावयाचे, हे तेथे ठरून जाते.

संसारातील महाग वस्तूंविषयी बोलू लागले की दोन जुन्या म्हणी हटकून पुढे येतात. एक, अंथरूण पाहून पाय पसरावे. आणि दुसरी, ऋण काढून सण करू नये. दोन्ही म्हणी शहाणपणाच्याच आहेत. परंतु पाय किती पसरावे हे सांगणारी म्हण, कोणाचे पाय दिवसभर उभे आहेत याची चौकशी करीत नाही. सण एक दिवसाचा असतो आणि जाते रोजचे असते. सणाच्या खर्चाला लावावयाचा नियम जसाच्या तसा जात्याला लावला की चैन आणि सोय यांत घोटाळा होतो. हा घोटाळा नवा नाही. ज्या वस्तूने पुरुषाचे काम हलके होते तिला आपल्या घरांतून बहुधा ‘गरज’ म्हटले गेले, आणि जिने बाईचे काम हलके होते ती बराच काळ ‘हौस’ या सदरात मोडत राहिली.

या दोन गावांची बाजारपेठ कोणती, हे सांगण्यासाठी नकाशापेक्षा रेल्वेचा रूळ उपयोगी पडतो. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर आहे, तर सौंसरहून जुनी छोटी गाडी सावनेरवरून नागपुरास जात असे. २०१५ साली ती छोटी गाडी बंद झाली आणि त्या वाटेवर रुंद रूळ आले. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. नागपूर एका राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे मराठी तालुके दुसऱ्यात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आला. राजधान्या बदलल्या, पण लग्नाचा बस्ता, सोने आणि यंत्रे घेण्यासाठी सीताबर्डीस व इतवारीस जाण्याची रीत बदलली नाही. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीलाही सीमेवर कोणी नाक्याशी अडविले नाही. रेडिओचा पहिला संच ज्या घरी आला त्या घरी सायंकाळी निम्मी आळी येऊन बसे, आणि संचाबरोबर टपाल कचेरीतून परवानाही काढावा लागे. रेडिओने कोणाचे काम कमी केले नाही. काम करता करता ऐकण्याची सोय मात्र केली.

यंत्रे येण्यापूर्वी घरातील महाग खरेदी म्हणजे सोने, बैलजोडी आणि भांडी. पितळेचे गुंड, तांब्याचे घंगाळ, पाणी तापविण्याचा बंब या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकत. भांडे फुटले तरी मोडीच्या भावाने जाई. त्याची किंमत अगदीच शून्य कधी होत नसे. सोन्याची तर गोष्टच निराळी. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात ते उभे राही. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्या बाया यंत्राकडे संशयाने पाहत, यात त्यांचा अडाणीपणा नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता: सोने मोडता येते आणि यंत्र मोडते. आजही दुकानदार यंत्राचे गुण सांगतो, तेव्हा या दोन क्रियापदांमधला फरक तो सांगत नाही.

हा संशय प्रथम दूर केला तो शिवणयंत्राने. शिवणयंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेत एलियास हाऊ यांना १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ साली पेटंट मिळाले. पण यंत्र तयार झाले तरी सामान्य कुटुंबाला ते परवडेना. तेव्हा सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ च्या सुमारास एक युक्ती काढली: थोडी रक्कम आधी द्यावी, यंत्र घरी न्यावे आणि उरलेली किंमत हप्त्याहप्त्याने फेडावी. आज दूरचित्रवाणी संचापासून मोटारसायकलीपर्यंत सर्व वस्तू ज्या वाटेने घरात शिरतात, ती वाट रुंद केली ती या शिवणयंत्राने. हिंदुस्थानात या यंत्राचा प्रसार करण्यात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांचा मोठा वाटा होता. पुढे १९३५ मध्ये कलकत्त्यास ‘उषा’ यंत्रे बनविणारा कारखाना सुरू झाला आणि देशी यंत्र मध्यम स्थितीतील घरांच्या आटोक्यात येऊ लागले.

यंत्रांचे कट्टर टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना या एका यंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते. सिंगर यांनी आपल्या पत्नीला टाके घालताना थकलेली पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र बनविले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. सिंगर यांचे खासगी चरित्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा प्रेमळ तपशील पचणे जरा जड जाईल. परंतु गांधीजींचा मुद्दा त्या गृहस्थांच्या संसारावर अवलंबून नव्हता. यंत्राच्या मुळाशी लोभ आहे की कोणाचे तरी कष्ट पाहून आलेली कणव आहे, असा तो प्रश्न होता. घरात येणाऱ्या प्रत्येक महाग वस्तूला तो विचारण्यासारखा आहे.

शिवणयंत्र लवकर स्वीकारले गेले, याचे दुसरे आणि अधिक व्यवहारी कारण असे की ते स्वतःची किंमत स्वतः फेडी. आळीतील पोलकी, परकर, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवून चार पैसे घरात येत. कित्येक विधवांनी पायाखालच्या पट्टीवर मुलांची शिक्षणे पार पाडली. म्हणून मुलीच्या लग्नात भांड्यांच्या बरोबरीने शिवणयंत्र देण्याची चाल पडली. जी वस्तू मिळवून देते तिला घर लवकर हो म्हणते. जी वस्तू केवळ वाचविते, आणि तेही पैसा न वाचविता फक्त वेळ व कंबर वाचविते, तिला मान्यता मिळण्यास पिढी लागते.

शेतातील आणि घरातील पाण्याची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संत्र्याची बाग म्हणजे विहीर. एके काळी या विहिरींवर मोट चाले. बैलांची जोडी उतरंडीवरून खाली जाई, चामड्याची मोट वर येई आणि दांडातून पाणी वाहू लागे. पुढे तेलावर चालणारे इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटार आली, आणि आज सौर पंपही दिसू लागले आहेत. या प्रत्येक पायरीवर मोठा खर्च झाला. कर्ज काढूनही झाला. आणि तो योग्यच होता, कारण पाण्यावाचून बाग नाही. पण अनेक घरांत असे झाले की शेतातील मोट सुटली तरी घरातील घागर सुटली नाही. ज्या विहिरीवर मोटार बसून वर्षे लोटली, त्याच विहिरीवरून घरची सून डोक्यावर गुंड घेऊन येत राहिली. काही शे फूट नळी आणि एक टाकी, एवढाच खर्च मध्ये आडवा होता. तो परवडत नव्हता असे म्हणणे कठीण आहे. तो कोणाला सुचला नाही, हे अधिक खरे. नळाने घरोघरी पाणी देण्याची केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली. विजेची मोटार त्याच्या किती आधी आली होती, हे या भागातील कोणताही म्हातारा शेतकरी बोटांवर मोजून सांगेल.

दळणाचे काम सुटले ते मात्र कोणा एका घराच्या खरेदीमुळे नव्हे. पिठाची गिरणी गावात एकाने घातली आणि सर्वांच्या घरची जाती थांबली. जात्याबरोबर ओव्याही गेल्या, याचे दुःख पुष्कळांनी व्यक्त केले आहे. ते दुःख अगदीच खोटे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी पुण्यास राहून महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यावरून बायकांनी जात्यापाशी केवढे वाङ्मय उभे केले होते याची कल्पना येते. तथापि त्या ओव्यांत स्वतः जात्याविषयी आणि त्याने आलेल्या शिणाविषयी काय म्हटले आहे, तेही हळहळणाऱ्यांनी ऐकावे. पहाटे चारला उठून पायलीभर ज्वारी दळणाऱ्या बाईने गिरणी आल्यावर जात्यासाठी अश्रू ढाळल्याचे सहसा ऐकिवात नाही.

पुढची पायरी कुकरची. वाफेच्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर तापते आणि अन्न लवकर शिजते, हे डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली दाखवून दिले. स्वयंपाकघरातील कुकरमध्ये तपमान एकशे वीस अंशांच्या आसपास जाते. आपल्याकडे १९५९ च्या सुमारास कुकर बनविणारे कारखाने निघाले आणि हळूहळू तो जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी पोचला. पांढुर्णा-सौंसरच्या स्वयंपाकात तुरीची डाळ रोज आहे, आणि विहिरीचे पाणी जड असेल तर ती तास तास शिजत नाही. चुलीसमोर धुरात बसून डाळ केव्हा गळते याची वाट पाहणे, हा या भागातील बायकांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग होता. तरीही कुकर आला तेव्हा घरोघर विरोध झाला. कुकरच्या डाळीला चव नसते, असे सासूबाई म्हणाल्या. तो फुटतो, असे मामंजी म्हणाले. चवीचे सांगता येत नाही. पण फुटण्याचे भय अगदीच निराधार नव्हते. झडप तुंबली आणि रबराची कडी जुनी झाली तर धोका असतोच. आज खेड्यातल्या घरीही शिटी ऐकू येते आणि त्या शिट्या मोजून शेजारीण ओळखते की आज डाळ आहे की हरभरा. रोडगे मात्र अजून गोवऱ्यांच्या आरातच भाजले जातात. जामसावळीच्या मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्याने ते विजेच्या भट्टीत भाजले, तर देवाची हरकत असो वा नसो, पंगतीची असेल.

गॅसची शेगडी ही कुकरची थोरली बहीण. १९६५ पासून सरकारी तेल कंपनीची गॅसची टाकी देशात मिळू लागली. खेड्यातील गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी निघाली. शेगडी मिळाली, पण १४.२ किलोची टाकी दर खेपेस भरावी लागते आणि काड्या-कुड्या, पऱ्हाट्या बांधावर फुकट मिळतात. त्यामुळे कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी झाली. येथे महाग वस्तूंविषयीचा एक साधा नियम दिसून येतो: काही वस्तूंची किंमत एकदाच द्यावी लागते आणि काहींची जन्मभर. पहिल्या किमतीची चर्चा रात्रीच्या सभेत होते. दुसरीची चर्चा त्या सभेत निघतच नाही.

या नियमाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कूलर. विदर्भ आणि त्याला लागून असलेला हा प्रदेश सोडला तर उन्हाळ्याचे एवढे कोरडे ऊन महाराष्ट्रीयांच्या वाट्यास क्वचितच येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान खेळतो. पूर्वी बड्या लोकांच्या बंगल्यांत वाळ्याच्या ताट्या लावीत आणि त्यांवर पाणी शिंपडण्यास माणूस ठेवीत. कूलर म्हणजे ती ताटी, तो माणूस आणि पंखा यांची एका पत्र्याच्या पेटीत केलेली जोडणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पावणेसहाशे किलोकॅलरी उष्णता हवेतून खेचली जाते. हवा कोरडी असेल तितके पाणी अधिक उडते आणि खोली अधिक गार होते. म्हणूनच हे यंत्र मुंबईस निरुपयोगी आणि नागपूर-पांढुर्ण्यास वरदान. पत्र्याचे कूलर स्थानिक कारागीर बनवितात, बिघाड झाल्यास मोटार आणि पंप सुटे मिळतात, आणि गवताच्या जाळ्या दर वर्षी बदलल्या की काम भागते. या सर्व गुणांमुळे कूलर ही या भागातील खरी लोकप्रिय खरेदी ठरली. मृग लागला, हवा दमट झाली की ती पेटी नुसतीच घरघरते. मग तिच्यावर फडके टाकून तिला कोपऱ्यात ढकलतात.

परंतु कूलर पाणी पितो, आणि ज्या महिन्यांत तो सर्वांत अधिक पितो त्याच महिन्यांत विहिरी तळाला जातात. मोठा कूलर दिवसाला अनेक बादल्या पाणी सहज संपवितो. नळ एक दिवसाआड किंवा त्याहूनही अंतराने येत असेल, तर या बादल्या कोण भरतो? दुपारी गार वाऱ्यात घरातील सर्वजण झोपतात आणि झोपण्यापूर्वी टाकी भरण्याचे काम एकीकडेच असते. महाग वस्तू घेतली म्हणजे काम नाहीसे होतेच असे नाही. पुष्कळदा ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि जाताना त्याचे नाव बदलते.

अमेरिकेतील रूथ श्वार्त्झ कोवान या इतिहासलेखिकेने १९८३ साली एका ग्रंथात हाच प्रश्न तपासला. त्या देशातील घरांत धुलाई यंत्र आले, झाडण्याचे यंत्र आले, नवी शेगडी आली. तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, असे त्यांना आढळले. पूर्वी आठवड्यातून एकदा कपडे धुतले जात, ते रोज धुतले जाऊ लागले. पूर्वी पुरुष लाकडे फोडी आणि मुले पाणी आणीत. नव्या साधनांनी पुरुषांची आणि मुलांची कामे संपविली, बाईचे काम तिच्यापाशीच राहिले. आपल्या देशातील आकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असे दिसून आले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. या पाच वर्षांत देशात किती मिक्सर आणि किती धुलाई यंत्रे विकली गेली असतील, याचा विचार केला म्हणजे ती दहा मिनिटे फारच महाग पडली असे वाटते.

याचा अर्थ यंत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. मिनिटे तेवढीच राहिली तरी कष्टाची जात बदलते. पाट्यावर वरवंटा ओढणे आणि मिक्सरचा खटका दाबणे यांना घड्याळ सारखेच मोजील. खांदा सारखे मोजणार नाही. १९६३ साली मुंबईच्या एका अभियंत्याने पत्नीच्या विदेशी मिक्सरची मोटार जळाल्यावर आपल्या मसाल्यांना आणि भिजल्या डाळींना पुरून उरेल असे यंत्र बनविण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘सुमीत’ हे नाव घरोघरी गेले. विदेशी यंत्र पावाच्या आणि फळांच्या देशात जन्मलेले. त्याला ओल्या खोबऱ्याची आणि वाटल्या डाळीची सवय कोठून असणार? आपल्या अन्नाला न शोभणारे यंत्र कितीही महाग असले तरी ते फडताळातच राहते. लग्नात आलेल्या किती वस्तू आज मूळच्या पेटीसकट माळ्यावर आहेत, याची मोजणी एखाद्या रविवारी करून पाहण्यासारखी आहे.

आता हप्त्यांविषयी. क्लार्कसाहेबांची युक्ती आज फार पुढे गेली आहे. दुकानात पाय टाकताच ‘बिनव्याजी हप्ता’ असा फलक दिसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते; ते व्याज दुसऱ्या कोणत्या तरी नावाखाली घेतलेले असते. ते कधी प्रक्रियेच्या आकारात दडलेले असते, तर कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट नाकारण्यात. रोखीची किंमत किती, हा एक प्रश्न आधी विचारला की दडलेले व्याज बहुधा बाहेर येते. कराच्या बाबतीतही थोडी माहिती असणे बरे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर नागपुरास घेतले काय आणि पांढुर्ण्यास घेतले काय, कराचा दर एकच झाला. फ्रिज, धुलाई यंत्र, मिक्सर यांवरील २८ टक्के कर २७ जुलै २०१८ पासून १८ टक्क्यांवर आला. वातानुकूलन यंत्रे आणि मोठे दूरचित्रवाणी संच त्या दराला येण्यास २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तेव्हा दोनशे रुपये वाचविण्यासाठी नागपूरची फेरी करणाऱ्याने गाडीभाडे आणि दुरुस्तीचा कारागीर या दोहोंचा हिशेब करावा. यंत्र बिघडल्यावर माणूस गावातून येणार की नागपुराहून, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

परंतु या भागात हप्त्याची खरी अडचण व्याजाची नाही. ती पंचांगाची आहे. हप्ता दरमहा येतो आणि बहार वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पगारदाराच्या संसाराकडे पाहून रचलेली ही पद्धत बागाईतदाराच्या घरात शिरली की पहिले चार-पाच महिने सुरळीत जातात, कारण सौद्याचे पैसे हाती असतात. मग खते येतात, मजुरी येते, शाळेची फी येते. मध्येच फळगळ सुरू होते किंवा फाल्गुनात गारपीट होते, आणि मृगाचे फळ ज्या दिवशी व्यापारी नेणार त्याच्या आदल्या दिवशी जमिनीवर पडते. हप्ता थांबत नाही. वसुलीचे लोक दाराशी येतात, आणि अशा वेळी मोडले जाते ते सोनेच. ज्या सोन्याला बाजूस सारून यंत्र घेतले, तेच यंत्रासाठी गहाण पडते. पीककर्जाची परतफेड हंगामावर ठरविता येते, मग घरगुती वस्तूंच्या हप्त्याची का ठरविता येऊ नये, हा प्रश्न सहकारी पतसंस्थांनी मनावर घेण्यासारखा आहे. बहार तुटल्यावर दोन मोठे हप्ते, एवढीच गोष्ट. पण ती करण्यासाठी कर्ज देणाऱ्याने बाग पाहिलेली असली पाहिजे.

अलीकडे या रात्रीच्या सभेत एक नवी गोष्ट घडू लागली आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२३ साली ‘लाडली बहना’ योजना सुरू केली. त्या वर्षीच्या जून महिन्यापासून पात्र स्त्रियांच्या बँक खात्यात दरमहा एक हजार रुपये जमा होऊ लागले आणि ऑक्टोबरपासून साडेबाराशे. पलीकडे महाराष्ट्रात अशीच योजना २०२४ मध्ये आली; म्हणजे ही बहीण सीमेच्या उत्तरेस आधी ‘लाडली’ झाली आणि वर्षभराने दक्षिणेस ‘लाडकी’. या योजनांमागील राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे: रक्कम लहान आहे, पण ती दरमहा येते आणि बाईच्या खात्यात येते. बहाराचा पैसा घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती पडतो आणि मोटारसायकल होऊन बाहेर जातो. ही रक्कम हप्त्याच्या पंचांगाशी जुळणारी आहे. मिक्सर, पिठाची घरगुती चक्की, शिवणयंत्राला बसवावयाची विजेची मोटार या वस्तूंचा हप्ता एवढ्या रकमेत बसू शकतो, आणि तो घेण्यासाठी कोणाच्या सौद्याची वाट पाहावी लागत नाही.

धुलाई यंत्राचे मात्र अजून कठीण आहे. त्याला वीज पुरते, जागा पुरते, आता हप्ताही पुरेल. पण ते पाण्याच्या नळाला जोडावे लागते आणि नळाला दाब हवा. टाकी गच्चीवर नसेल तर बाईने बादलीने पाणी ओतावे आणि यंत्राने कपडे धुवावे, अशी अर्धी सोय होते. तरीही ओल्या सतरंज्या आणि गोधड्या जाम नदीच्या दगडांवर आपटून ज्यांचे मनगट धरले आहे, त्या या अर्ध्या सोयीलाही नाही म्हणत नाहीत.

एक वस्तू मात्र या भागात कोणत्याही हप्त्यावाचून सर्व आळीची सोय करीत आली आहे. शेवयांचे लोखंडी यंत्र चैत्र-वैशाखातील आठ-पंधरा दिवसांपलीकडे कोणास लागत नाही, म्हणून ते आळीत एखाद्याच घरी असते. वाळवणाचे दिवस आले की खाटेच्या माचव्याला किंवा बाकाला ते आवळून बसवितात. एकजण दांडा फिरविते, दुसरी पीठ लोटते, तिसरी निघालेल्या शेवया हातावर झेलून काठीवर टाकते. सायंकाळी यंत्र पुसून, तेलाचे बोट लावून पुढच्या घरी जाते. ज्या घराने ते विकत घेतले त्या घराकडे ते आषाढ लागण्यापूर्वी परत येते, आणि बरेचदा त्याबरोबर एका ताटात वाटीभर शेवयाही येतात.